अणशीचे कंद आणि जपानच्या हातगाड्या

जपानमध्ये रस्त्याकडेला जे खाल्ले जाते, त्याचा मोठा भाग जमिनीखालून येतो. परदेशी प्रवाशांच्या तोंडी सुशी, रामेन आणि ताकोयाकी ही नावे आधी येतात आणि त्यांचा मान खराच आहे. आज महागड्या हॉटेलांत मिळणारी हातावर वळलेली सुशी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या, रस्त्यांवर उभ्याउभ्या खाण्यासाठी तयार झाली. ऑक्टोपसचा तुकडा घालून साच्यात भाजलेले ताकोयाकीचे गोळे १९३५ मध्ये ओसाकात निघाले. पण हवेत गारवा आला की हातगाड्यांवर, देवळांच्या पायऱ्यांशी आणि नदीकाठच्या चुलाण्यांवर राज्य चालते ते कंदांचे. त्यात रताळे आहे, अळकुडी आहे, सुरणाचा सख्खा भाऊबंद आहे आणि कोनफळाच्या कुळातला जंगली कंदही आहे. यांचेच भाऊबंद उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या अणशी परिसरातल्या परसांत वाढतात. जपानच्या रस्त्यावरचे खाणे समजून घेण्यासाठी मराठी वाचकाला याहून जवळची वाट नाही.

अणशी हे जोयडा तालुक्यातले घाटमाथ्यावरचे गाव. कारवारहून निघालेला रस्ता काळी नदीच्या खोऱ्यातून कद्र्याच्या धरणापर्यंत येतो आणि तेथून अणशी घाट चढू लागतो. वळणावळणाने जंगल दाट होत जाते, खालची नारळी-पोफळी मागे पडते आणि हवा बदलते. पुढे कुंभारवाडा, जोयडा, गणेशगुडी आणि दांडेली असा हा रस्ता पठारावर उतरून हल्याळ-बेळगावकडे जातो. १९५६ मध्ये दांडेलीचे अभयारण्य झाले, १९८७ मध्ये अणशी राष्ट्रीय उद्यान झाले, २००७ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ मध्ये त्याला काळी नदीचे नाव मिळाले. तालुक्याचे जुने ठाणे सुपा हे गणेशगुडीच्या धरणाच्या पाण्याखाली गेले आहे.

या रानातली मूळची वस्ती प्रामुख्याने कुणब्यांची. घरात कोकणी, बाजारात कोकणी-मराठी आणि कचेरीत कन्नड असा त्यांचा व्यवहार. डोंगरउतारावरची फिरती शेती, कुमरी, ब्रिटिश अमदानीत वनखात्याने बंद करत आणली. हाती राहिले ते भाताचे लहान खाचर आणि घराभोवतालचे परस. गोव्यातल्या कुणबी, गावडा आणि वेळीप समाजांना २००३ मध्ये अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला. सीमेच्या अलीकडचे, नात्यागोत्याने त्यांच्याशीच जोडलेले जोयड्याचे कुणबी तीच मागणी करत आले आहेत. अणशीच्या कंदांची सगळी विद्या या समाजाकडे, आणि त्यातही बायकांकडे आहे. कोणता कंद कोणत्या उतारावर लावायचा, कोणता उकडायचा, कोणता निखाऱ्यात घालायचा, कोणता आमसुलाशिवाय चुलीवर चढवायचाच नाही, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक असते.

लावणी पावसाच्या तोंडावर होते. जून ते सप्टेंबर घाटमाथा पाण्यात बुडालेला असतो. त्या काळात वेल मांडवावर, कुंपणावर, झाडावर चढतात आणि जमिनीखाली कंद पोसतो. दिवाळीनंतर वेल वाळू लागले की खणायला सुरुवात होते. रानडुकरे आणि साळिंदरे या मेजवानीच्या वासावरच असतात, त्यामुळे परसाला दणकट वई घालावी लागते आणि रात्रीची राखण करावी लागते. व्याघ्र प्रकल्पाच्या आत राहून कंद पिकवणे म्हणजे प्रत्येक कंद रानाच्या वाट्यातून सोडवून आणणे आहे. बाजारात किंमत विचारताना गिऱ्हाईकाने ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी.

या परसांतला सगळ्यात नावाजलेला कंद म्हणजे मुडली. अळूच्या कुळातला, मोठा, वजनदार आणि आतून पिठूळ. उकडून मीठ लावून किंवा चटणीबरोबर तो जेवणासारखा खाल्ला जातो. त्याच्या जोडीला माडी, सुरण, करांदे, काटेकणंगे, रताळी आणि कोन असतात. कोन म्हणजे महाराष्ट्रात कोनफळ म्हणतात तो. त्याचे पांढरे, जांभळे, लांबट, पंजासारखे असे किती तरी प्रकार एकाच वाडीत दिसतात. कारवार-गोव्याच्या पद्धतीने सुरणाच्या किंवा कोनाच्या पातळ फोडी करून त्यांना हळद, तिखट, मीठ आणि आमसुलाचे पाणी लावतात, तांदळाच्या रव्यात घोळवतात आणि तव्यावर थोड्या तेलात खरपूस परततात. गरम तव्यावरून थेट पानावर येणारी ही फोड जगातल्या कोणत्याही चौपाटीवर मान मिळवील अशी आहे. असे असूनही घाट चढून आलेल्या प्रवाशाच्या वाट्याला ती सहसा येत नाही. टपरीवर चहा, भजी, पाव, आमलेट असे कुठेही मिळणारे पदार्थ असतात आणि शंभर पावलांवरच्या परसातला मुडली घरच्या चुलीवरच राहतो.

जपानमध्ये रताळे चुलीवरून रस्त्यावर कसे आले, याचा इतिहास नीट नोंदलेला आहे. रताळे मूळचे अमेरिका खंडातले. भारतात ते पोर्तुगिजांच्या काळात आले. पूर्वेकडे ते फिलिपिन्समार्गे चीनच्या फुजियान किनाऱ्याला लागले आणि तेथून १६०५ मध्ये र्‍युक्यू बेटांवर, म्हणजे आजच्या ओकिनावात पोहोचले. पुढच्या शंभर वर्षांत ते दक्षिण जपानच्या सात्सुमा प्रांतात रुजले. १७३२ मध्ये पश्चिम जपानात मोठा दुष्काळ पडला. भात गेला, पण जेथे रताळी होती तेथे माणसे तगली. ते पाहून आओकी कोन्यो या विद्वानाने १७३५ मध्ये शोगुनच्या आश्रयाने एदोच्या परिसरात रताळ्याची लागवड करून दाखवली. पुढे त्या शतकाच्या शेवटी एदोच्या गल्ल्यांच्या तोंडाशी रात्री फाटके लावणारे पहारेकरी आपल्या खोपट्यात रताळी भाजून विकू लागले. पगार तुटपुंजा होता, चूल पेटलेलीच असे आणि रस्त्यावरून जाणारा माणूस गारठलेला असे. रताळ्याला रस्ता मिळाला तो असा, गरिबाच्या जोडधंद्यातून.

आजची याकिइमोची, म्हणजे भाजलेल्या रताळ्याची, गाडी दुसऱ्या महायुद्धानंतरची आहे. युद्धकाळात रताळ्यांवर सरकारी नियंत्रण होते. ते १९५० मध्ये उठल्यावर फेरीवाले लहान दगडगोटे तापवून त्यांत रताळी पुरून भाजू लागले. आधी हातगाड्या होत्या, मग छोटे ट्रक आले. गाडीवाला लांब सुरात आरोळी देत गल्लीतून जातो आणि त्या आवाजाने घरातली माणसे बाहेर येतात. आरोळी आता बहुधा ध्वनिमुद्रित असते, गाड्याही कमी झाल्या आहेत आणि सुपरमार्केटच्या दाराशी विजेच्या भट्ट्या आल्या आहेत. पण पदार्थ तोच राहिला आहे: सालीसकट भाजलेले, कागदी पिशवीत दिलेले, हाताला चटका देणारे रताळे. त्यात तेल नाही, मीठ नाही, मसाला नाही.

एवढ्या साध्या वस्तूत इतकी गोडी येते कुठून, याचे उत्तर आचेत आहे. रताळ्यात पिष्ट असते आणि त्या पिष्टाचे माल्टोज नावाच्या साखरेत रूपांतर करणारे विकरही असते. कंदाच्या आतले तापमान साधारण ६५ ते ७५ अंश सेल्सियसच्या दरम्यान असताना हे विकर जोमाने काम करते. त्याहून जास्त तापले की ते निकामी होते. प्रेशर कुकरमध्ये रताळे हा टप्पा काही मिनिटांत ओलांडते, म्हणून ते शिजते पण फारसे गोड होत नाही. तापलेल्या गोट्यांत ते तास-दीड तास हळूहळू तापते आणि साखर तयार व्हायला वेळ मिळतो. जोयड्याच्या घरांत रात्री चुलीतला जाळ ओढून घेतल्यावर उरलेल्या गरम राखेत रताळे पुरून ठेवतात, त्यामागचे शास्त्रही हेच. राख आणि दगड दोन्ही आच रोखून धरतात.

मराठी प्रवाशाला जपानमध्ये याकिइमोचा आणखी एक आधार आहे. शाकाहारी माणसाची तेथे फार अडचण होते, कारण वाळवलेल्या बोनिटो माशाचा अर्क बहुतेक रश्शांत आणि चटण्यांत असतो. भाजीचा दिसणारा पदार्थही त्याला अपवाद नसतो. भाजलेल्या रताळ्यात लपवण्यासारखे काहीच नाही. एकादशीला तोक्योत असलेल्या माणसालाही ते चालते. तळून साखरेच्या पाकात घोळवलेले, वर काळे तीळ लावलेले दाइगाकु-इमोही असेच निर्धोक, फक्त उपवासाला तीळ चालतात की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे.

कारवारहून घाट चढून आलेला माणूस दांडेली-हल्याळमार्गे पुढे गेला तर बेळगाव-खानापूरच्या लाल मातीत रताळ्याची शेती त्याला दिसते. तेथील मराठी शेतकऱ्यांचे हे नगदी पीक आहे आणि महाशिवरात्रीच्या आधी बेळगावच्या बाजारात रताळ्याच्या पोत्यांची रीघ लागते. माल दिल्लीपर्यंत जातो. एवढे पीक दारात असून बेळगावच्या रस्त्यावर भाजलेल्या रताळ्याची स्वतंत्र ओळख मात्र घडलेली नाही. कणसाला निखाऱ्याची गाडी मिळाली, शेंगांना मिळाली, रताळे उपवासाच्या ताटात अडकून पडले.

सुरणाची गोष्ट याहून वेगळी आणि अधिक नवलाची आहे. जपानी कोन्न्याकु हा कंद सुरणाच्याच प्रजातीतला. सुरणासारखेच एकच छत्रीवजा पान, तसाच जाडजूड कंद आणि तशीच घशाला खाज आणणारी सुयांच्या आकाराची स्फटिके. कोकणात ही खाज आमसुलाने किंवा चिंचेने मारतात, म्हणजे आंबटाने. जपानने उलटा मार्ग धरला. तेथे कंद वाळवून त्याचे पीठ करतात, ते पाण्यात कालवतात आणि त्यात चुन्याची निवळी घालतात. कंदातला ग्लुकोमॅनन नावाचा तंतू चुन्यामुळे घट्ट धरतो आणि रबरासारखी चिवट वडी तयार होते. तिच्यात ९७ टक्क्यांच्या आसपास पाणी असते. स्वतःची चव जवळजवळ नाही, पण ज्यात शिजेल त्याची चव ती ओढून घेते. या कंदाची जवळपास सगळी जपानी शेती एकट्या गुन्मा प्रांतात आहे. कंद एका वर्षात हाती येत नाही. शरद ऋतूत खणून, थंडीभर जपून, वसंतात पुन्हा लावून तिसऱ्या वर्षाच्या सुमारास तो विक्रीजोगा होतो.

रस्त्यावर कोन्न्याकु भेटतो तो यामागाता प्रांतात. यामादेरा नावाच्या डोंगरातल्या देवस्थानाला हजाराहून अधिक पायऱ्या चढून जावे लागते. पायथ्याच्या दुकानांसमोर मोठ्या पातेल्यांत कोन्न्याकुचे गोल गोळे सोया सॉसमध्ये रटरटत असतात. काडीला ओवून, वर झणझणीत मोहरी लावून ते यात्रेकरूला देतात. चढण्याआधी ते खाल्ले की अंगात जोर येतो असे तेथे मानतात. त्या उकळत्या रसात कधी वाळलेला माकूळ टाकलेला असतो, एवढे शाकाहाऱ्याने विचारून घ्यावे. डोंगरावरचे देवस्थान आणि पायथ्याशी गरम खाणे ही जोडी अणशी परिसरालाही अनोळखी नाही. येथून जवळच्या उळवीला चन्नबसवण्णांची समाधी आहे आणि माघ पौर्णिमेच्या सुमारास तेथे मोठी जत्रा भरते. धारवाड-बेळगावकडचे भक्त अजूनही बैलगाड्या जुंपून येतात. हा काळ कंदांच्या हंगामाच्या अखेरीचा आहे. उळवीच्या वाटेवर सुरणाच्या गरम फोडी विकायला याहून चांगला मुहूर्त नाही.

कोनफळाच्या कुळातल्या जपानी कंदांचे वैशिष्ट्य असे की ते कच्चे खाता येतात. आपल्याकडचे कोन आणि करांदे शिजवल्याशिवाय पोटात जात नाहीत, करांदा तर कडवटपणा काढण्यासाठी नीट उकडावा लागतो. जपानमध्ये नागाइमो किंवा रानातला जिनेन्जो किसून त्याचा पांढरा, तार धरणारा लगदा करतात. ओसाकाच्या रस्त्यावर तव्यावर भाजला जाणारा ओकोनोमियाकी, म्हणजे कोबी घातलेला जाड पोळा, हलका होतो तो पिठात मिसळलेल्या या किसामुळे. पण या कंदाचा खरा थाट पाहायचा तर जुन्या तोकाइदो रस्त्यावर जावे. एदो ते क्योतो या राजरस्त्यावर ५३ मुक्काम होते. त्यांतला विसावा मारिको, पुढे उत्सुनोया खिंडीची चढण. तेथे प्रवासी जिनेन्जोचा तोरोरो नावाचा रस्सा शिजवलेल्या जव-तांदळावर घालून खात आणि मग डोंगर चढत. तेथील चोजिया ही खाणावळ १५९६ पासून चालू आहे आणि हिरोशिगे या चित्रकाराने आपल्या तोकाइदो चित्रमालिकेत मारिकोच्या चित्रात असेच तोरोरोचे चहाघर रंगवले आहे. घाटाच्या तोंडाशी स्थानिक कंदाचे एकच पक्वान्न, चारशे वर्षे. कद्रा आणि अणशी यांच्यामध्ये तसाच एक घाट आहे.

अळकुडीबद्दल थोडक्यात सांगता येते, कारण तिचा जपानी सोहळा रस्त्यापेक्षा नदीकाठचा आहे. यामागातात शरद ऋतूत घराघरांतली, कचेऱ्यांतली माणसे नदीच्या वाळवंटात दगडांची चूल मांडतात आणि सातोइमो (अळकुडी), गोमांस, कोन्न्याकु व कांद्याची पात एकत्र शिजवतात. १९८९ पासून यामागाता शहर दर सप्टेंबरमध्ये मामिगासाकी नदीकाठी याचा उत्सव करते. त्यातले भांडे ६.५ मीटर व्यासाचे असते आणि रस्सा ढवळायला व वाढायला खोदकामाचे यंत्र लावतात. हजारो माणसे रांगेत उभी राहून वाटीभर रस्सा घेतात.

जोयड्यालाही असा उत्सव आहे आणि तो यामागाताइतका मोठा नसला तरी कमी मोलाचा नाही. डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास तेथे कंदमुळांचा मेळा भरतो. कन्नडमध्ये त्याला गड्डे-गेणसु मेळा म्हणतात. वाड्यावाड्यांतून कुणबी शेतकरी, विशेषतः बायका, आपापल्या परसातले कंद घेऊन येतात, जमिनीवर मांडतात, ज्यांच्याकडे बियाणे नाही त्यांना देतात आणि शिजवलेले पदार्थही विकतात. एकाच ठिकाणी मुडली, कोन, करांदे आणि काटेकणंगे यांचे इतके प्रकार पाहायला मिळणे पश्चिम घाटात दुर्मीळ आहे. बेळगाव, कारवार आणि गोव्याहून आलेली माणसे पोती भरून नेतात. अडचण एकच: मेळा उरकला की कंद पुन्हा परसात जातो आणि उरलेला हंगाम रस्त्यावरच्या प्रवाशाला त्याची चाहूल लागत नाही.

गाडी उभी करायची तर कुठे आणि कशी, याबाबतीत जपानकडून घेण्याजोगे बरेच आहे. फुकुओका शहराने २०१३ मध्ये रस्त्यावरच्या याताई दुकानांसाठी खास नियमावली केली. जागा ठरलेली, वेळ ठरलेली, संध्याकाळी दुकान उभे राहते आणि पहाटेआधी मोडून नेले जाते, फरसबंदी धुऊन निघते. सुमारे १०० याताई या नियमांखाली चालतात आणि शहराची ओळख बनून राहिले आहेत. कामाकुरा शहराने २०१९ मध्ये गर्दीत चालता चालता खाऊ नये अशी विनंती करणारा नियम केला. जपानी प्रवासी कचरा खिशात घालून घरी नेतो, कारण रस्त्यावर कचऱ्याचे डबे फारसे नसतात. व्याघ्र प्रकल्पातल्या रस्त्याला याची गरज शहराहून अधिक आहे. जंगलात गाडी थांबवून खाणे तेथे योग्य नाही. माकडांना फेकलेला वेफर आणि उडणारी पिशवी रानाचे नुकसानच करतात. म्हणून कंदाची गाडी गावातच हवी: अणशीच्या वस्तीत, कुंभारवाड्याच्या तिठ्यावर, जोयड्याच्या बसथांब्याशी. भाजलेल्या रताळ्याला वेष्टन लागत नाही, साल हेच त्याचे वेष्टन आहे. फोडींना केळीचे किंवा सागाचे पान पुरते आणि ते कुजून मातीत जाते.

अशा गाडीला भांडवलही फार नको. लोखंडी कढई, नदीतले गोटे नकोत म्हणून विकत आणलेली खडी, लाकडाचे निखारे आणि परसातला माल. दिवाळी ते महाशिवरात्र एवढाच हंगाम, तोही पर्यटकांच्या गर्दीचा. आज ज्या बाईला मुडली व्यापाऱ्याच्या भावाने द्यावा लागतो, तिला तोच शिजवून विकल्यास कितीतरी अधिक पैसे मिळतील. आणि पैसे मिळत राहिले तरच पुढची पिढी रानडुकराची राखण करत रात्र जागवील. कंदांच्या जाती टिकवायच्या तर बियाणे-संग्रहाइतकेच रोजचे गिऱ्हाईक लागते.

तोपर्यंत प्रवाशाच्या हातात एवढे नक्की आहे. डिसेंबर-जानेवारीत अणशीला जाणाऱ्याने निघण्याआधी जोयड्याच्या मेळ्याची तारीख विचारून घ्यावी. मेळा चुकला तर आठवड्याच्या बाजारात थांबावे किंवा ज्या घरी मुक्काम असेल तेथे आदल्या दिवशी सांगून मुडली उकडायला लावावा. कापडी पिशवी बरोबर न्यावी, भावात घासाघीस करू नये आणि कंद ज्या बाईने खणला तिच्याच हातून घ्यावा.